लिफ्ट चौथ्यावर अडकलीय: दोन मिनिटांचं थ्रिलर ओपनिंग, शूटपासून एडिटपर्यंत

मास मीडियाच्या सबमिशनला किंवा फेस्टला दोन मिनिटांचं थ्रिलर ओपनिंग करायचंय असं ठरलं की ग्रुप सगळ्यात आधी लोकेशन शोधायला निघतो, आणि लोकेशन म्हणजे पडकी गिरणी, बंद गोडाऊन, नाहीतर मढ आयलंडकडचा एखादा ओसाड बंगला. मग कुणीतरी काळा हुडी आणतो, कुणीतरी खेळण्यातलं पिस्तूल आणतो, शेवटी युट्यूबवरून उचललेला ढॅण्ण म्युझिकचा तुकडा लावतात आणि बघणाऱ्याला काहीच वाटत नाही. कारण अशी गोष्ट त्याने शंभरदा बघितलेली असते आणि त्या गोडाऊनमध्ये त्याला स्वतःला कधी जायचं नसतं. त्याला जिथे रोज जायचं असतं ती जागा घ्या. मुंबईत प्रत्येकाकडे ती आहे, बिल्डिंगचा जिना.

ओपनिंग म्हणजे सिनेमाची सुरुवात, छोटी शॉर्टफिल्म नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. इथे गोष्ट संपवायची नाहीये. बघणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उभा करायचा आणि तो सुटायच्या आधी टायटल टाकून मोकळं व्हायचं. दोन प्रश्न उभे राहिले तर गोंधळ होतो, एकही नाही राहिला तर तो ट्रॅव्हल व्लॉग होतो.

पुढे सगळं एकाच उदाहरणावर सांगतो म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. एक कॉलेजमधली मुलगी रात्री घरी येते, जुनी बिल्डिंग, जाळीच्या दरवाजाची लिफ्ट. ती बटण दाबते, वरचा आकडा चारवरच. वरून बारीक आवाज येतोय, "कृपया दरवाजा बंद करा", थोड्या वेळाने परत तेच. कुणीतरी दरवाजा उघडा टाकून गेलंय, हे आपल्याकडे रोजचंच. ती वैतागून जिना चढायला लागते, प्रत्येक मजल्यावर तो आवाज जवळ येतो. ती तिसऱ्यावर पोचते आणि आवाज अचानक बंद होतो. म्हणजे कुणीतरी दरवाजा लावला. पण लिफ्ट खाली येत नाही, पावलं वाजत नाहीत, कुणाच्या घराचा दरवाजाही वाजत नाही. ती वर बघते. कट. टायटल.

बस एवढंच. खून नाही, रक्त नाही, हुडी नाही. प्रश्न एकच, वर कोण आहे. आणि याला लागतं काय, एक मुलगी, एक जिना, एक लिफ्ट आणि दोन फोन. मुंबईत आवाज कधी थांबतच नाही, कुकरच्या शिट्ट्या, हॉर्न, शेजारचा टीव्ही, त्यामुळे इथल्या माणसाला मोठ्या आवाजाने दचकवणं कठीण, चालू असलेला आवाज बंद झाला की मात्र त्याचे कान टवकारतात. तुमची गोष्ट वेगळी असेल तरी हे धरून ठेवा, बाकी सगळी कामं याच्यासाठीच करायचीत.

कागदावरचं काम

स्क्रिप्ट एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट असा हिशोब असतो पण थ्रिलरमध्ये डायलॉग नसतात, त्यामुळे अर्ध्या पानाचे पण दोन मिनिट होतात. स्क्रिप्टमध्ये "ती घाबरते" असं लिहिलं असेल तर खोडा. ते शूट होत नाही. "ती हातातल्या चाव्या मुठीत दाबून धरते, त्या वाजू नयेत म्हणून" असं लिहा, हे शूट होतं आणि ॲक्टरला पण काय करायचं ते कळतं.

मग शॉट डिव्हिजन. आपल्या उदाहरणात मी असं पाडेन: गेटमधून आत येणारी मुलगी लांबून, मग लिफ्टचं बटण दाबणारं बोट क्लोज, मग तिचा वर बघणारा चेहरा जाळीच्या बाहेरून, मग आकडा चार, मग जिन्यात पाठीमागून, मग रेलिंगवरचा हात, मग तळमजल्यावरून थेट वर बघणारा शॉट ज्यात जिन्याचा चौकोन फिरत फिरत वर जातो आणि हात फक्त मध्येमध्ये दिसतो, मग तिसऱ्या मजल्याचा लॅण्डिंग, लांब, स्थिर, आणि शेवटी चेहऱ्याचा क्लोज. नऊ शॉट झाले. दोन मिनिटांना एवढे पुरतात, थोडे जास्त घ्या, पण चाळीस शॉटची यादी केलीत तर अर्ध्यावर सगळ्यांचा पेशन्स संपणार आणि शेवटचे, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे शॉट घाईत उरकले जाणार.

ती जिना कुठल्या बाजूने चढते ते एकदा ठरवा. फ्रेममध्ये ती डावीकडून उजवीकडे जातेय तर सगळ्या शॉटमध्ये कॅमेरा तिच्या त्याच बाजूला ठेवा, नाहीतर एडिटमध्ये ती मध्येच खाली उतरतेय असं वाटतं. जिन्यात हे फार होतं कारण जिना स्वतःच वळतो. उपाय सोपा आहे, जिथे वळण येतं तिथे ती वळताना दिसेल असा एक शॉट घ्या, मग बाजू बदलली तरी चालतं.

परवानगी, रेकी आणि पिस्तूल

आपल्याच बिल्डिंगमध्ये करताय तरी सेक्रेटरीला आधी भेटा. कॉलेजच्या लेटरहेडवर दोन ओळी, तारीख, वेळ, किती जण येणार, आणि वॉचमनकाकांना वेगळं सांगा, कारण सेक्रेटरीने हो म्हटलेलं त्यांच्यापर्यंत पोचतंच असं नाही. लिफ्टचा दरवाजा उघडा ठेवला की सगळ्या बिल्डिंगची लिफ्ट बंद, त्यामुळे तो शॉट एकदाच, पाच मिनिटांत, आणि दरवाजाशी एक माणूस उभा करून घ्यायचा. वर कुणी आजारी असेल, कुणाला घाई असेल, तेव्हा "आमचं शूट चाललंय" हे उत्तर नसतं.

रस्त्यावर, बागेत, समुद्रावर ट्रायपॉड लावायचा असेल तर मामला वेगळा होतो. मुंबईत सार्वजनिक जागांवरच्या शूटिंगच्या परवानग्यांसाठी सरकारची एक खिडकी योजना आहे आणि ती गोरेगावच्या चित्रनगरीवाल्या महामंडळाकडून चालते. रेल्वेचं सगळं वेगळं, प्लॅटफॉर्म, पूल, लोकल यासाठी पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे यांची स्वतंत्र परवानगी लागते, एकाचं मुख्यालय चर्चगेटला, दुसऱ्याचं सीएसएमटीला. दोन मिनिटांच्या सबमिशनसाठी मी तरी या फंदात पडणार नाही. ड्रोन तर विसराच, मुंबई पोलिसांचे ड्रोनवरचे मनाई आदेश सारखे निघत असतात.

आणि ते पिस्तूल. खेळण्यातलं असलं तरी जिन्यात, पार्किंगमध्ये, रस्त्यावर काढू नका. लांबून बघणाऱ्याला ते खोटं आहे हे कळत नाही, कुणी ११२ ला फोन लावला की पुढची रात्र चौकीत समजावण्यात जाते. पोलिसांच्या युनिफॉर्मचंही तेच. शिवाय ओपनिंगमध्ये शस्त्र दाखवलं की प्रश्नाचं उत्तरच देऊन टाकलं ना, मग उरलं काय.

रेकी म्हणजे शूटच्या आधी जागा बघून येणं, नुसतं जाऊन फोटो काढणं नव्हे. ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला जाऊन जिन्यात दहा मिनिटं गप्प उभे राहा. पाण्याचा पंप कधी चालू होतो, कुठल्या मजल्यावर कुत्रा भुंकतो, कुठली ट्यूब लुकलुकते, आरती किती वाजता असते, कुठल्या घरातली मंडळी साडेनऊला जेवून खाली फेरी मारायला उतरतात. प्लग कुठे आहे आणि तो कुणाच्या मीटरवर आहे तेही बघा.

रात्रीचा सीन रात्रीच घ्यायला पाहिजे असं नाही

जिना बंदिस्त असतो, जाळीच्या खिडक्यांना बाहेरून काळं कापड किंवा काळ्या कचऱ्याच्या पिशव्या नीट चिकटवल्या की दुपारी चार वाजता पण रात्र होते. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातला, म्हणजे थंडीत शूट ठेवलंत तर संध्याकाळी सात ते दहा एवढ्यात सगळं उरकतं, लांब राहणाऱ्यांना वेळेत लोकल मिळते आणि सोसायटीची झोपमोडही होत नाही. बाहेरचा गेटचा एक शॉट तेवढा अंधार पडल्यावर घ्या.

पावसाळ्यात करायचं असेल तर वातावरण फुकट मिळतं पण पत्र्यावरच्या पावसाने साऊंडची वाट लागते. एसीमधून एकदम दमट जिन्यात फोन काढला की लेन्सवर वाफ धरते, तेव्हा फोन झिपच्या पिशवीत घालून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा, मग काढा. पुसत बसलात तर परत धरते.

कॅमेरा सेटिंग, हे नीट वाचा

फोनचा साधा कॅमेरा ॲप सगळं स्वतः ठरवतो आणि थ्रिलरमध्ये तेच नको असतं. ती अंधाऱ्या वळणावरून ट्यूबखाली आली की ऑटोमध्ये अख्खी फ्रेम आधी उजळते मग दबते, बघणाऱ्याला लगेच कळतं की फोनवर काढलंय. म्हणून मॅन्युअल कंट्रोल देणारा ॲप घ्या, ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे, आयफोनवर आहे आणि बऱ्याच अँड्रॉइडवर पण चालतो. तुमच्या फोनच्या प्रो मोडमध्ये हे सगळं मिळत असेल तर तोही चालेल.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला किती वेळ उजेड मिळतो ते, १/५० सेकंद. इंटरनेटवर सगळीकडे २४ लिहिलेलं असतं, तो सिनेमाचा नेहमीचा आकडा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते, १/५० शटरमध्ये बरोबर दोन पूर्ण ठोके बसतात आणि फ्लिकर, म्हणजे उजेडाची लुकलुक, येत नाही. फोन ३० वर ठेवून १/६० ला शूट केलंत तर जिन्यातल्या ट्यूबखाली फ्रेमवर पट्टे सरकताना दिसू शकतात आणि ते एडिटमध्ये काढणं महाकठीण. स्वस्त एलईडी बल्ब तरीही त्रास देतात, त्यामुळे रेकीलाच दहा सेकंद शूट करून मोठ्या स्क्रीनवर बघून घ्या. लिफ्टच्या आकड्याचंही तसंच, काही डिस्प्ले कॅमेऱ्यात लुकलुकतात.

आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, जमेल तितका खाली, ४०० ते ८०० च्या पुढे गेलात की काळ्या भागात मुंग्या दिसायला लागतात. शटर बांधलंय, फोनला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, सहसा बदलता येत नाही, म्हणजे उजेड कमी पडला तर आयएसओ न चढवता लाइट वाढवायचा. लेन्स मुख्य वापरा, ती १ एक्सवाली, अल्ट्रावाईड आणि झूमच्या लेन्स कमी उजेडात रडतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा कुठल्या उजेडाला पांढरं धरतो ते, लॉक करा. ट्यूब साधारण ६५०० केल्विनच्या आसपास असते, पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, मधे कुठेतरी ४५०० ला लॉक केलंत की जिना थोडा निळसर थंड दिसतो आणि घराच्या दरवाजातून येणारा उजेड पिवळा उबदार. घर म्हणजे सुरक्षित आणि जिना म्हणजे नाही हे एका आकड्यात सांगून झालं, कलर करताना वेगळे उद्योग नकोत. एचडीआर बंद ठेवा, नाहीतर एडिटमध्ये फुटेज भगभगीत पांढरं दिसतं आणि मग सगळे विचारत बसतात की फोनवर चांगलं दिसत होतं ना.

फोकस पण लॉक. लेन्स पुसा, खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटाचा तेलकट डाग असतोच आणि ट्यूबचा उजेड त्यावर पसरतो.

लाइट

जिन्यात सगळं उजळवायचा मोह होईल, करू नका. आहेत त्या ट्यूबपैकी कुठली बंद ठेवायची तेवढं ठरवा. तिसऱ्या मजल्याचा दिवा बंद आणि चौथ्याचा चालू असेल तर ती वर बघते तेव्हा उजेड वरून येतो, चेहरा अर्धा दिसतो, आणि जे काही आहे ते उजेडात आहे पण आपल्याला दिसत नाही. अंधारातलं भूत दाखवण्यापेक्षा मला हे जास्त आवडतं.

चेहरा फारच काळा पडत असेल तर एक छोटा एलईडी भिंतीवर मारा, चेहऱ्यावर थेट नको, किंवा समोरून पांढरी चादर धरा, तेवढा परतणारा उजेड पुरतो. एलईडीवर बटर पेपर लावला तर उजेड मऊ होतो, पण हॅलोजनला लावू नका, पेट घेतो. भाड्याने लाइट आणायचेच असतील तर अंधेरी पश्चिमेला रेंटलवाले भरपूर आहेत, आयडी आणि डिपॉझिट लागतं, पण खरं सांगायचं तर एका जिन्यासाठी गरज नाही. केबल, क्लिप, बॅटरीवरचे दिवे असल्या किरकोळ गोष्टी लॅमिंग्टन रोडला मिळतात.

लिफ्ट स्वतःच तुमची क्रेन आहे हे विसरू नका. आत उभं राहून जाळीतून शूट केलं की एकेक मजला खाली सरकतो, स्लॅबचा काळा पट्टा येतो, परत उजेड, परत काळा, असा शॉट हजारो रुपयांच्या सामानाने येणार नाही. फोन छातीशी घट्ट धरा, आणि हात, फोन, ओढणी काहीही जाळीच्या बाहेर जाता कामा नये. दरवाजा उघडा ठेवून लिफ्ट चालवायचे जुगाड कुणी सुचवले तर त्याला घरी पाठवा.

साऊंड वेगळा, आणि आधी

आमच्याकडे साऊंड नेहमी शेवटी आठवतो. इथे तर गोष्टच आवाजाची आहे, म्हणून माझा सल्ला असा की कॅमेरा काढायच्या आधी अर्धा तास फक्त आवाज रेकॉर्ड करा. लिफ्टचा दरवाजा चौथ्यावर उघडा ठेवून ती "कृपया दरवाजा बंद करा" वाली बाई आधी अगदी जवळून, मग तळमजल्यावरून, पहिल्यावरून, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून. जिन्याचा घुमणारा आवाज जसाच्या तसा मिळतो, तो नंतर कुठल्याही इफेक्टने तितका खरा वाटत नाही. दरवाजा लावतानाचा जाळीचा खडखडाट पण घ्या आणि तोही तिसऱ्या मजल्यावरूनच, तिला जसा ऐकू येईल तसा.

दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून वापरा, एअरप्लेन मोडवर, ४८ किलोहर्ट्झ डब्ल्यूएव्ही ठेवा. वायरवाल्या इअरफोनचा माइक कुर्त्याच्या आत कॉलरपाशी टेपने चिकटवला तर श्वास छान मिळतो, आणि या गोष्टीत श्वास म्हणजेच डायलॉग. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डीबीच्या पुढे जात नाही, फाटलेला आवाज शिवता येत नाही. मग सगळ्यांना गप्प करून जिन्याची शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा. हो, शांतताच. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते आणि एडिटमध्ये कटच्या जोडावर ती पसरावी लागते, नाहीतर प्रत्येक कटला आवाज तुटतो.

फ्लॅटमध्ये शूट असेल तर पंखा आणि फ्रिज बंद करा, आणि फ्रिज बंद करताना आपल्या घराची किल्ली त्याच्यात ठेवा. निघताना किल्ली शोधाल तेव्हा फ्रिज चालू करायचं आठवेल, नाहीतर काकूंचं दूध फाटतं आणि पुढच्या वेळेला परवानगी मिळत नाही.

शूटचा दिवस

क्रम स्क्रिप्टचा ठेवू नका, जागेचा ठेवा. तळमजल्याचे सगळे शॉट एकदम, मग पहिला-दुसरा मजला, मग तिसरा, आणि लिफ्ट अडवणारा शॉट एकाच वेळी. पण शेवटचा चेहऱ्याचा क्लोज ॲक्टर दमायच्या आधी घ्या. दहा वेळा जिना चढून आल्यावर तिला घाम, धाप हे सगळं खरं मिळतं हे मान्य, पण कंटाळा पण खरा मिळतो आणि तो डोळ्यात दिसतो.

एक जण कंटिन्युइटीला लावा आणि त्याच्याकडे दुसरं काहीही काम देऊ नका. बॅग कुठल्या खांद्यावर, केस कानामागे की पुढे, चाव्या कुठल्या हातात, प्रत्येक टेकनंतर फोटो. ॲक्शन म्हणायच्या आधी पाच सेकंद आणि कट म्हणायच्या आधी पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा, ती पाच सेकंद एडिटला सोन्यासारखी वाटतात. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला फ्रेममध्ये एक टाळी वाजवा, दोन्ही फोनचा आवाज जुळवायला तेवढी पुरते. आणि एक हालचाल दोन शॉटमध्ये रिपीट करा, म्हणजे लांबच्या शॉटमध्ये तिने मान वर केली तर क्लोजमध्ये पण मान खालून वर करायचीच, मग त्या हालचालीवर कट मारला की जोड दिसत नाही.

तिला "घाबर" असं सांगू नका. तिला काय ऐकू येतंय ते सांगा. कुणीतरी वरच्या मजल्यावरून ती रेकॉर्ड केलेली लिफ्टची बाई मोबाईलवर वाजवा आणि न सांगता मध्येच बंद करा. त्या टेकचा आवाज वापरता येणार नाही पण चेहरा येतो.

वडापाव आणि पाण्याची सोय आधी करून ठेवा. भुकेलेला लाइटवाला चौथ्या टेकला हात हलवतो.

त्याच रात्री सगळं फुटेज दोन ठिकाणी कॉपी करा, लॅपटॉपवर आणि एका हार्डडिस्कवर, आणि दोन-चार फाईल उघडून बघितल्याशिवाय फोनमधून काही डिलीट करू नका.

एडिट

डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरेसं आहे आणि वॉटरमार्क लावत नाही. लॅपटॉप फारच म्हातारा असेल तर फोनवर व्हीएन ॲपमध्ये पण होतं, फक्त साऊंडचं काम तिथे अवघड जातं. रिझॉल्व्हमध्ये फुटेज आत घ्यायच्या आधी प्रोजेक्टचा फ्रेम रेट २५ करा, एकदा क्लिप आत आल्या की तो बदलता येत नाही. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपी, बनवून घ्या. साध्या कॅमेरा ॲपवर शूट केलं असेल तर फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, हळूहळू आवाज आणि ओठ वेगळे पडत जातात, अशा फाईल आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ करून घ्या.

पहिला कट म्युझिकशिवाय. अगदी पहिला. म्युझिक लावलं की वाईट कट पण चांगला वाटायला लागतो, आणि मग सबमिशनच्या आदल्या रात्री कळतं की सीन मुळात चालतच नाहीये. सगळे चांगले टेक क्रमाने लावा, चार मिनिटांचं होईल, होऊ दे, मग काढत जा. ती गेटमधून आत येते, चालते, चालते, चालते, हे विद्यार्थ्यांच्या प्रत्येक फिल्ममध्ये असतं. गेट, बोट, आकडा, एवढ्यात ती लिफ्टशी पोचली पाहिजे.

आता मुख्य काम. लिफ्टचा तो आवाज ठरावीक वेळाने येऊ द्या, समजा दर सहा सेकंदांनी, आणि त्या अंतरात अजिबात फरक करू नका. तळमजल्यावर अगदी बारीक, पहिल्यावर थोडा मोठा, तुम्ही रेकॉर्ड केलेले तेच मजले. चार-पाच वेळा झालं की बघणाऱ्याचं डोकं आपोआप मोजायला लागतं, त्याला कळत पण नाही की आपण वाट बघतोय. बाईचा आवाज तिसऱ्या मजल्यावर येतो "कृपया दरवाजा—", जाळीचा खडखडाट, आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. इथे धमाक्याचा इफेक्ट टाकू नका, व्हायोलिन किंचाळवू नका, काहीच टाकू नका. जिन्याची रेकॉर्ड केलेली शांतता तेवढी राहू द्या. लांबचा स्थिर शॉट, ती एका पायरीवर थांबलेली, आणि सहा सेकंद काहीही नाही. सहाव्या सेकंदाला बघणाऱ्याचं डोकं पुढचं वाक्य मागतं आणि ते येत नाही. तेव्हा कट करा क्लोजवर. एक श्वास. मान वर.

तो सहा सेकंदांचा शॉट ग्रुपमधल्या प्रत्येकाला लांब वाटेल, सगळे म्हणतील कमी कर. करू नका. तुम्ही तो शंभरदा बघितलाय म्हणून लांब वाटतोय. ज्याने काहीच बघितलेलं नाही अशा एखाद्याला दाखवा, शेजारचा कुणी, मामेभाऊ, आणि स्क्रीनकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तो फोनकडे हात कुठे नेतो ते टाइमलाइनवर लिहून ठेवा, कात्री तिथे लावायची.

चेहरा आधी आणि कारण नंतर, हा क्रम थ्रिलरमध्ये फार उपयोगी पडतो. आधी आकडा चार दाखवून मग तिचा वैतागलेला चेहरा दाखवला तर माहिती झाली, आधी चेहरा आणि मग आकडा दाखवला तर त्या अर्ध्या सेकंदात आपण विचार करतो की काय बघतेय ही. आवाजाचंही असंच, पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी अर्धा सेकंद सुरू करा, कट गुळगुळीत होतो.

चित्र पक्कं झालं की मग फोली, म्हणजे बारीकसारीक आवाज वेगळे रेकॉर्ड करून चित्राला जोडणं. पावलं परत रेकॉर्ड करा, त्याच जिन्यात, त्याच चपला घालून, चाव्या, बॅगेची चेन, रेलिंगवर घासणारा हात. बाकी बिल्डिंगचे आवाज थर लावल्यासारखे टाका, दुसऱ्या मजल्यावर टीव्ही, कुठेतरी कुकर, आणि ती जसजशी वर जाते तसतसा एकेक काढून घ्या. तिसऱ्यावर पोचेपर्यंत फक्त लिफ्टची बाई उरली पाहिजे. टीव्हीचा आवाज खऱ्या सिरियलचा नको, त्यावर कॉपीराइट असतो, मित्रांकडून दोन वाक्यं बोलून घ्या आणि त्यातला वरच्या पट्टीचा तीक्ष्ण आवाज कापा म्हणजे भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटतं. म्युझिक हवंच असेल तर एक खालचा गुरगुरणारा सूर, आणि तो शांततेच्या आधी कधी संपला ते कळता कामा नये. युट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे, फ्रीसाऊंडवर भरपूर मिळतं, पण प्रत्येक आवाजाचं लायसन्स वाचा, काहींना नाव द्यावं लागतं, काही कमाईच्या कामाला चालत नाहीत.

कलरमध्ये सगळं निळं करायची हौस आवरा, व्हाइट बॅलन्स नीट लॉक केला असेल तर थोडं दाबलं की झालं. आणि एक प्रॅक्टिकल गोष्ट, कॉलेजच्या एव्ही रूमचा प्रोजेक्टर काळा रंग राखाडी दाखवतो आणि वर कुणीतरी ट्यूब चालू ठेवलेली असते. लॅपटॉपवर अंधाऱ्या खोलीत बसून सुंदर काळोख केलात तर तिथे काहीच दिसणार नाही. थोडं उजळ ठेवा.

टायटल मराठीत असेल तर सांभाळा, काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं सुटी होतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. इंकस्केपसारख्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून पारदर्शक पीएनजी करून आत आणा, झंझट संपली. फॉन्ट मुक्ता घ्या, मुंबईच्याच 'एक टाइप' (Ek Type) नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलेला आहे, फुकट आहे आणि वापरायला मोकळा आहे. रक्त टपकणारे फॉन्ट नकोत. टीमची नावं चढत्या जिन्याच्या शॉटवर टाका, प्रत्येक दोन-तीन सेकंद, पण शेवटच्या शांततेवर एकही अक्षर नको.

एक्सपोर्ट

एच.२६४, एमपी४, १९२० बाय १०८०, २५ फ्रेम. युट्यूबला १०८०पीसाठी ८ एमबीपीएस बिटरेट (सेकंदाला किती डेटा) पुरतो, पण अंधाराचे सीन कमी बिटरेटला चौकोन चौकोन होतात म्हणून मी १६-२० ठेवेन, दोन मिनिटांची फाईल त्याने फार मोठी होत नाही. हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐका, एका माइकचा आवाज फक्त डाव्या कानात राहिलाय हे स्पीकरवर कळत नाही. मग फोनच्या स्पीकरवर ऐका, तळमजल्यावरची लिफ्टची बाई तिथे ऐकूच येत नसेल तर तेवढा आवाज वाढवा, अर्धे लोक फोनवरच बघणार.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवलं की दाबून टाकतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल जात नाही, ओपनिंगला प्रश्न येणार नाही पण मूळ फुटेज देताना येतो, तेव्हा तो एक्सफॅट करून घ्या. आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी तो पेनड्राइव्ह एव्ही रूमच्याच कॉम्प्युटरला लावून फाईल पूर्ण चालवून बघा, स्पीकर चालू आहेत का ते पण तेव्हाच विचारा.